रोज नवीन तेल

ब्रह्मपुरी
१२ मे २०२५

ती. गुणाबाईस,
धाकट्या दादाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहून राह्यलो म्हणून हसू नको. गाडी घेऊन रोज नऊ वाजता सिंदेवाहीच्या स्टँडवर तुझ्या भज्याच्या ठेल्यासमोर थांबतो खरा, पण दोन मिनिटांत काय बोलाचं? त्यात तुले आयकू कमी येते. तुझ्या कानात गोष्ट सांगतली का सारं स्टँड आयकते, अन् फोन तर तू उलटाच धरते. म्हणून चिठ्ठी लिहून खिडकीतून हातात देऊन राह्यलो.

गोष्ट अशी हाय. डिझेल नव्वदीच्या वर गेलं अन् आपली काळीपिवळी लिटरमागं नऊ किलोमीटर जाते. दहा शिटा कोंबल्या तरी हाती तंबाखू-खर्ऱ्यापुरते पैसे उरते. घुग्घुसवरून आपला प्रवीण सांगते, बाबा, दसऱ्यापर्यंत पाहा, नाई तर गाडी भंगारात द्या अन् माह्याकडे येऊन बसा. बसून काय करू? त्याच्या दारावरचा कोळशाचा धुरळा पुसू? बावीस वर्षं झाली मले गाडी चालवून, बसाची सवय फक्त स्टेअरिंगच्या मागं हाय.

तर नवाबभाई मिस्त्री म्हणते का जुन्या जीपचं इंजिन बकरीसारखं असते, काई बी खाते. तळून उरलेलं तेल फडक्यातून चांगलं गाळाचं, अर्ध्यात अर्धं डिझेल टाकाचं, गाडी चालते म्हणे. आता तुझ्या ठेल्यावर एवढी मोठी पाटी, ‘रोज नवीन तेल’. म्हणजे कालचं तेल तू रोज फेकतच असशील. फेकू नको बाई, मले देत जा.

भाची रंजीताले आशीर्वाद. लोभ हाय तसा ठेव, वरून तेलाचा बी कर.

तुझा
दादाजी


सिंदेवाही
१४ मे

चि. दादाजीस,
गुणाबाईचे अनेक आशीर्वाद.

लोकायचे भाऊ बहिणीले लुगडं देते, माहा भाऊ जळकं तेल मागते. चालू दे. आपल्या मायनं तुले लहानपणी लाडावून ठेवलं, आता मी भोगून राह्यली.

अन् पाटीची गोष्ट काऊन काढली रे? पाटी म्हणजे पाटी. तिच्यावर लिहिलं म्हणजे तसंच असन ना. चार चौघांत मले कोणी आजवर इचारलं नाई, तूच पहिला निघाला.

या चिठ्ठीसंगं पहिला डब्बा घे. काळा हाय म्हणून तोंड वाकडं करू नको, मिरचीभज्याचं तेल असंच राह्यते. पुढचे डब्बे सोमवारी अन् गुरुवारी भेटन. रोज मागू नको. बाकीचं तेल घरी दाराच्या बिजागरीले लागते. दारं किती हाय ते इचारू नको.

गाडी संभाळ, तब्येत त्याच्याहून जास्त. आठवण ठेव, डब्बा धुऊन परत दे.

तुझी
गुणाबाई


ब्रह्मपुरी
२८ जून

ती. गुणाबाईस,
दादाजीचा शि. सा. न.

बाई, गाडी चालली ना! नवाबभाईनं एकच अट घातली, चाळीसच्या वर पळवाची नाई, पळवली तर इंजिन बसते. मी अन् चाळीसवर! सायकलवाले पोट्टे मले हात दाखवून पुढं जाते. पण डिझेलचा खर्च असा उतरला का मलेच खरं वाटून नाई राह्यलं.

पहिल्या डब्ब्याची मजा सांगतो. धुराले तुझ्या मिरचीभज्याचा वास. नागभीड येता येता साऱ्या शिटायले भूक लागे. मागं कुत्रे धावत. एका पोलिसानं गाडी थांबवली, कागद नाई पाह्यले, चटणी हाय का म्हणून इचारलं. एक पोटुशी बाई तर सिंदेवाही येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसली अन् उतरून सिद्दी तुझ्या ठेल्यावर गेली. तिनं तीन प्लेटा खाल्ल्या, तुले आठवत असन.

पण दुसऱ्या डब्ब्यापासून वास गेला. तेल असं साफ का त्यात तोंड दिसते. शिटा मले इचारते, भाऊ, भजे कुठी गेले. बाई, तू भजे तेलात सोडते का तेलाले नुसते दाखवते? नवाबभाईनं बोट बुडवून चाटलं अन् हसत बसला. मले तर तुझ्या पाटीचा गर्व वाटला. मी साऱ्या शिटायले सांगतो, पाहा, माह्या बहिणीचं जळकं तेल असं, तर नवीन कसं असन!

प्रवीणले अजून काई सांगतलं नाई. दसऱ्याले खर्चाची वही दाखवीन.

बहिणीची माया अशीच राहू दे, गाळल्यासारखी साफ.

दादाजी


सिंदेवाही
१ जुलै

चि. दादाजीस आशीर्वाद.

भेटलं ते तेल मुकाट्यानं घालावं. कोणाचा हात कसा, कोणाची आच कशी, ते मिस्त्र्याले काय कळते? दुसऱ्याच्या डब्ब्यात बोटं बुडवू नको म्हणावं त्याले.

अन् एक गोष्ट लिहून ठेवते, तोंडानं सांगणार नाई. मले टीव्ही आयकू येत नाई, रंजीताची बडबड आयकू येत नाई, गिऱ्हाइकानं दोन प्लेट म्हटलं तर मी दहा बांधते. पण नऊ वाजता तुह्या गाडीचा भोंगा मले बराबर आयकू येते. पोंऽऽ करून वाजला का मी तुह्यासाठी चहा ठेवते. आठ वर्षं झाली, एक दिवस चुकला नाई. तू घुग्घुसले गेला तर मी चहा कशावर ठेवू? मले भेव वाटते रे दादाजी. गाडी विकाची नाई. तेलाची चिंता माही.

पावसात हळू चालव. वाट पाहणारं कोणी हाय हे ध्यानात असू दे.

गुणाबाई


सिंदेवाही
२० जुलै

ती. मामांस,
रंजीताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता तुमच्या गाडीत बसणाऱ्या एका मावशीच्या हाती देत आहे. वाचून फाडून टाका.

मामा, पाटी खोटी आहे. तुम्हाला दिलेला पहिला डबा म्हणजे होळीपासूनची कढई होती. आई त्यातच वरून वरून तेल टाकत होती. तुम्ही रोजचं तेल मागितलं अन् ती अडकली. नाई म्हणावं तर पाटी जाते, हो म्हणावं तर तेल कुठून आणावं? आता ती दुकानातून नवीन तेल आणते, रंग यावा म्हणून त्यात एक मिरची तळते अन् तुमच्या डब्यात ओतते. एकच मिरची, मामा! ती मिरची मलाच खावी लागते.

तुमची गाडी दीडशे रुपये लिटरच्या तेलावर चालून राह्यली आहे. डिझेल त्याहून स्वस्त आहे. कानाच्या मशीनसाठी आईनं जे जमवलं होतं, ते सगळं तुमच्या टाकीत गेलं. मी बोलले तर म्हणते, मले आयकू येत नाई.

तिला रागावू नका. पण काहीतरी करा, माझं पोट मिरचीनं बिघडलं आहे.

तुमची लाडकी (अजून असेन तर)
रंजीता


ब्रह्मपुरी
१० ऑगस्ट

ती. गुणाबाईस,
दादाजीचा शि. सा. न. वि. वि.

रंजीतानं मले काई लिहिलं नाई, हे पहिले लिहून ठेवतो.

तुझे शेवटचे सहा डब्बे परत देऊन राह्यलो, मी टाकीत टाकलेच नाई. वीस दिवस नुसत्या डिझेलवर गाडी चालवून पाह्यली, चाळीसच्या वर नाई. नवाबभाईनं वरचं लोखंडी कॅरियर काढलं, चाकात हवा भरली, एअर फिल्टर झटकला. नऊची गाडी तेरावर गेली, बाई! बचत तेलाची नव्हतीच. माह्या पायाची होती. बावीस वर्षं मी डिझेल नाई, माही घाई जाळत होतो. नवाबभाईले हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण म्हणे, दादाजीभाऊ, हळू चालवा म्हटलं असतं तर तुम्ही आयकलं असतं का?

प्रवीण दसऱ्याआधीच येऊन गेला. वही पाह्यली, कानाले हात लावला. गाडी राह्यते, मी राह्यतो. त्यानं चंद्रपूरवरून आत्यासाठी कानाचं मशीन आणलं, ते डब्ब्याच्या वर बांधलं हाय. नाई म्हणू नको.

आता एकच गोष्ट, लिहू का नको करत होतो. बाई, माहा भोंगा मृग लागला तेव्हापासून बंद हाय. पाणी गेलं त्यात. तू एक जुलैले लिहिलं का रोज बराबर आयकू येते. मग तुले आयकू येते तरी काय?

तुह्या हातच्या चहाचा कर्जदार,
दादाजी


सिंदेवाही
१४ ऑगस्ट

चि. दादाजीस,
गुणाबाईचे पोट भरून आशीर्वाद.

पेंटरले बोलावून पाटी दुरुस्त केली. आता ‘सोमवार-गुरुवार नवीन तेल’ असं लिहिलं हाय. तू परत दिलेलं तेल कढईत गेलं. गिऱ्हाइकं म्हणते, बाई, पहिल्यासारखी चव नाई राह्यली. मरू दे त्यायले.

रंजीतानं तुले काई लिहिलं नाई, हे मले बी माहीत हाय. तिले मिरची बंद केली.

परवा मशीन लावून बसली. नऊ वाजता गाडी आली. शिटायचं भांडण आयकू आलं, दार आपटलं ते आयकू आलं, तू तुह्या क्लीनरले, सुकलूले, शिवी दिली ती बी आयकू आली. भोंगा नाई वाजला. चहा ठेवाचा राहून गेला अन् तू तसाच गेला. दिवसभर जीव लागला नाई.

काल मशीन डब्बीत ठेवलं. नऊ वाजता बराबर वाजला, पोंऽऽ.

भोंग्यावर फालतू खर्च करू नको. चहा ठेवला हाय.

तुझी
गुणाबाई