आस्कंदाचा हातगुण

१२ फेब्रुवारी

पुन्हा जाऊबाईंचंच नाव! मी रात्रभर जागी असते, हे शिवशंकरला कळलं. चहा पिता पिता म्हणाला, "आई, काकूच्या हातचं आस्कंदाचं दूध घे ना. बाबांना कसं बराबर लागू पडायचं!" लेक माझा, गुण जावेचा.

हे आजारी पडले, झोप उडाली, तेव्हा बांधावरचं आस्कंद मीच खणलं. मुळ्या धुतल्या, वाळवल्या, कुटल्या, दुधात उकळल्या. थोडे दिवस ह्यांनी घेतलं. मग पेला बाजूला सारला — "तुझ्या हातानं गुण न्हाई येऊन राहिला. वहिनीला देऊ दे." थोरल्या जाऊबाई, द्वारकाबाई, पेला घेऊन आल्या की दोन घोटांत ह्यांचे डोळे मिटायचे! मिटता मिटता मला म्हणायचे, "जा, पड आता."

गेल्या दिवाळीत हे गेले. तो पेला गेला नाही.

१५ फेब्रुवारी

लेकीच्या शाळेच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, ते आज कामी आलं. झाडपाल्याच्या पुस्तकात आहे — आस्कंदाचं, म्हणजे अश्वगंधेचं, मूळ शांत झोप आणतं. हातगुणाचं एक अक्षर नाही!

१६ फेब्रुवारी

स्वतःच उकळलं, प्यायले. कोंबडं आरवेपर्यंत जागीच.

२१ फेब्रुवारी

हळद शिजत होती. कढईपाशी बाईंची सून पुनम बायांना सांगत होती, "आमच्या आत्याबाईंच्या हातात जादूच हाय!" बाईंनी माझ्याकडं बघितलं, लगेच मान फिरवली. तोरा!

जन्मभर भाकरी माझ्या हातची गोड लागली. झोप तेवढी त्यांच्या हातची!

२४ फेब्रुवारी

तोंडावरच विचारलं. बाई ओसरीवर मुळ्या निवडत होत्या. "दुधात असं काय घालत होता, जे मी घातलं नाही?"

हातातली मुळी तशीच राहिली. "उद्या ये, तारे."

"उद्या काहून? सांगायला मुहूर्त लागतो?"

बाई पुन्हा मुळ्या निवडायला लागल्या. मी फणफणत घरी आले.

२५ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, "मूळ तेच, दूध तेच. झोप भाऊजींना माझ्या हातानंबी लागली न्हाई, तारे. तू पेला दिला की पायथ्याशी बघत बसायचीस, डोळा लागतो का. मला म्हणले — वहिनी, तुमचा हातगुण हाय म्हणून तिला सांगतो. मी डोळे मिटतो. तवाच ती पाठ टेकंल."

आणि मी झोपत होते. गाढ!