बाजरीची नदी

गुरुजी, काल माझी नात मोबाईलवर नाटक ऐकत बसली होती. नुसतं ऐकायचं नाटक, मुलांच्या कुठल्याशा जुन्या अद्भुत कादंबरीवरचं. घोडे धावले, वीज कडाडली, आणि मला आपल्या शाळेची खोली आठवली. तिला म्हटलं, असलं आम्हीही करायचो. तिला खरं वाटेना. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आता साक्षीला कोणाला बोलवू?

दुष्काळाचं साल होतं. शाळेमागच्या उतारावर बंधाऱ्याचं काम चाललेलं आणि अर्धं गाव तिथं खडी फोडत होतं, माझी आईसुद्धा. तुम्ही नगरच्या वाचनालयातून एक जाडजूड विलायती कादंबरी आणलीत. काळ्या पहाडाच्या राजानं कोंडलेली नदी सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट. तिची श्रुतिका लिहिलीत, लग्नातला कर्णा आणि माइक मागून आणलात. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही सगळी पात्रं बोलायचात आणि आवाज काढायचे मी. करवंट्यांचे घोडे, पत्र्याची वीज, सुपात घोळवलेल्या ओंजळभर बाजरीची नदी. पाचवीतल्या पोरीला एवढा मान, माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बायका हातोडी चालवत ऐकायच्या, आणि राजा गरजला की उतारावरून त्याला खणखणीत शिव्या यायच्या.

एका शुक्रवारी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "समदं झ्याक हाय बग, पन तुजी नदी काय खरी वाटंना. कुनी बाजरी पाखडतंय आसंच वाटतंय." थट्टाच ती, पण मला झोंबली. दुसऱ्या दिवशी नदी सुटण्याचा प्रवेश होता. तुम्ही बजावलं होतंत, "पाण्याला हात लावायचा नाही. तीन दिवस टँकर आलेला नाही." तुम्ही कागदात डोळे घालून वाचताय. मी हळूच माठ पुढे ओढते, माइकसमोर तांब्यानं बादलीत पाणी ओतते, उपसते, पुन्हा ओतते. आईला ऐकू जावं म्हणून उंचावरून ओतते. तुम्ही एकदाच वर बघितलंत. तोवर उतारावरच्या हातोड्या थांबल्या होत्या.

टँकर शाळेपाशीच रिकामा व्हायचा. "टँकर आला!" म्हणत बायका घागरी घेऊन सुटल्या, सगळ्यांत पुढे माझी आई. खडीवरून घसरून ती पडली ती उजव्या मनगटावर. तसाच हात धरून दारात आली, बादली बघितली आणि मला विचारलं, "कुनी सांगितलं तुला ह्ये?" मी म्हटलं, "गुरुजींनी." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "हो, मीच सांगितलं," म्हणालात आणि हात जोडलेत. "आमच्या घशाला कोरड पडलीया गुरुजी, आन् तुमी पान्याचा खेळ करताय व्हय?" आई म्हणाली. सगळ्या गेल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "ते पाणी माठात परत ओत. सांडू नकोस." सोमवारी कर्णा परत गेला. शेवटचा भाग झालाच नाही.

आईचं मनगट वाकडं जुळलं. भाकरी थापणं तिला जमेना, ते माझ्याकडे आलं, आणि माझी भाकरी चिरली की ती तुमच्या नावानं बोटं मोडायची. पुढच्या वर्षी बदली झाल्यावर तुम्ही निरोप घ्यायला आलात, तर ती बाहेर आली नाही. "हात कसा आहे?" तुम्ही उंबऱ्याबाहेरूनच विचारलंत आणि गेलात. मी दाराआड होते. एक वाक्य बोलायचं होतं, गुरुजी, एकच. त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी रडले. "त्या मानसापायी रडतीस?" आईनं विचारलं, आणि मी डोळे पुसून भाकरी थापायला बसले.

आई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. कान शाबूत आहेत. निदान तिच्या मनात तरी तुमचं नाव साफ व्हावं म्हणून हे लिहून तिला वाचून दाखवायचं, असं ठरवून आज बसले होते. मघाशी ती काठी टेकत आली. "कुनाला लिव्हतीस गं एवढं?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "काय न्हाई, पेन्शनचा अर्ज हाय."