धाकटी राजकन्या खिडकीतच उभी

शनि., ६ जुलै २००२

सकाळची शाळा. चौथीच्या दोन्ही तुकड्या एका खोलीत कोंबून मुलांना कार्टून सिनेमा दाखवला. हेडसरांनी घरून सीडी प्लेअर आणला होता. हिंदी बोलणं, मुलांना निम्मं कळलं. मध्ये वीस मिनिटं लाइट गेली, तेवढ्यात पाढे म्हणून घेतले.

गोष्ट अशी. थोरली राजकन्या नावाड्याबरोबर नदीपलीकडे निघून जाते. राजा रागाने पूल तोडायला लावतो. त्या दिवसापासून राज्यावर धुकं बसतं ते हलत नाही. थोरली रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावर दिवा घेऊन उभी. वर्षं जातात. शेवटी म्हातारा राजा काठावर बसून रडतो, आसवं पाण्यात पडतात तिथे एकेक दगड वर येतो आणि पूल तयार. मिठ्या, गाणं, घोडे नाचतात. मुलांनी टाळ्या पिटल्या.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. पूल तुटला तेव्हाच बाहेर जायला हवं होतं.

हेडसरांचा हुकूम : प्रत्येकाने सिनेमातून घेतलेला बोध लिहायचा. चांगले पाच तक्त्यावर लावायचे.

रवि., ७ जुलै

दुपारी वह्या तपासल्या. "राजाने रागावू नये, बी.पी. वाढते." "पोहता येणे गरजेचे आहे." "पूल बांधताना सिमेंट चांगले वापरावे." याचे वडील ठेकेदार आहेत. एकटीच हसले. आप्पांनी आतून विचारलं, काय झालं गो?

मग दर्शनाची वही. जशीच्या तशी उतरवते :

"राजाला राग आला होता म्हणून त्याला समजत नव्हते. थोरली लांब होती. पण धाकटी राजकन्या खिडकीत होती. तिला दिवा रोज दिसत होता. तिने राणीला का नाही सांगितले? बोध : ज्याला दिसते त्याने सांगावे."

सिनेमात धाकटीला कामच नाही. खिडकीत उभी राहते, केस विंचरते. माझ्या तर ती लक्षातही राहिली नव्हती.

लाल पेन हातात धरून बसले. शेरा दिला नाही. वही मिटली.

दर्शना माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. शाळेत कुणाला माहीत नाही. सुलभाताई नव्वद साली मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाशी लग्न करून गेली. कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी, बोटीवरच्या माणसाशी! आप्पांनी त्याच दिवशी तिच्या नावाने आंघोळ केली आणि तिचा फोटो भिंतीवरून काढला. आमच्या घरापासून मिरकरवाडा चालत पाऊण तास. बारा वर्षांत मी त्या रस्त्याला गेलेली नाही. बाजारात ती दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडला.

जूनमध्ये हजेरीपटावर द.चं नाव वाचलं तेव्हा वाटलं, निभेल. एक वर्षाचा तर प्रश्न.

सोम., ८ जुलै

लिहूनच काढते एकदा.

ब्याण्णवचे गणपती, दुसरा दिवस. दुपारचे बारा. आप्पा शेजारी आरतीला गेलेले. आई स्वयंपाकघरात मोदक वळत होती. मी ओटीवर फुलं निवडत होते. दाराची कडी वाजली. फटीतून बघितलं तर ताई. सातवा महिना असावा. हातात केळीच्या पानात गुंडाळलेली दूर्वांची जुडी.

"शालू, उघड गो. नमस्कार करते आणि जाते. आईला एकदा बघते नि जाते."

कडीवर माझा हात होता. पुढच्या रविवारी चिपळूणची मंडळी मला बघायला येणार होती. घरातली एक पळून गेल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं. ती दारात दिसली तर शेजारीपाजारी होईल, चिपळूणपर्यंत जाईल... एवढंच डोक्यात आलं. दुसरं काही नाही. आप्पांची भीती नव्हती, ते घरातच नव्हते.

मी आतून म्हटलं, "नको म्हणतायत घरातले. जा तू."

घरातले.

ती थोडा वेळ उभी होती. मग पायरी उतरल्याचा आवाज.

चिपळूणची मंडळी आली, पोहे खाऊन गेली, पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं. आई चौऱ्याण्णवला गेली. ताई त्या दिवशी आली होती हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दुपारी आत जाऊन आईला काय सांगितलं ते मात्र लिहवत नाही.

बुध., १० जुलै

मधल्या सुट्टीत द.ला थांबवलं. डबा उघडून बसली होती, भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी.

"हे बोधाचं तुला कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी नाय. मलाच वाटलं."

"आईने?"

"आईने तो शिनेमा बघितलाच नाय, मावशी."

म्हणाली आणि जीभ चावली. मी खाली बसले, तिच्याच बाकावर.

"आई म्हणते शाळेत बाईच म्हणायचं. घरी मावशी म्हटलं तर चालतं." मग भाकरीचा तुकडा मोडत, "पण तुम्ही घरी येतच नाय."

म्हणजे महिनाभर ही माझ्यासमोर बसून सगळं जाणत होती. रोज "हजर बाई" म्हणत होती.

बुध., १७ जुलै

आठवडा वाईट गेला. हजेरी घेताना द.चा "हजर" ऐकला की फळ्याकडे तोंड करावं लागतं. आवाज अगदी ताईचा, लहानपणचा. काल भागाकार शिकवताना कुणीतरी "शालू" म्हटलं. स्पष्ट. वळून बघितलं, पन्नास मुलं खाली माना घालून गणित सोडवतायत. शाळेत मला शालू म्हणणारं कोण आहे?

घरीही तेच. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला, लोखंड वाजलं, मी दचकून उठले. दारात जाऊन बघून आले. पाऊस. कुणी नव्हतं. "कोण आलंय?" आप्पा. "कुणी नाही." हे दोन शब्द मी घरात किती वेळा म्हटले असतील.

हेडसरांनी तक्त्यासाठी पाच बोध मागितले. चार दिले.

शनि., २० जुलै

जाऊन आले.

शाळा सुटल्यावर घरी न येता तशीच निघाले. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, वर नारळाच्या झापांची छपरं. वासाने आधी गुदमरले, मग कळेनासा झाला. एका म्हातारीला विचारलं. "सुलबाकडं? माजीच सून. तू शालू काय गो?" तोंडावरून ओळखलंन.

ताई पडवीत जाळं शिवत बसली होती. हातात लाकडी सुई, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं. केस पुढून पांढरे झालेत. मला बघून उठली नाही, पण सुई थांबली.

"आप्पा गेले?"

"नाही. बरे आहेत."

"मग कशाला आलीस?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. की त्या दिवशी आप्पा घरात नव्हते. नको म्हणणारं कुणी नव्हतं. मीच होते. चिपळूणच्या मंडळींचंही सांगितलं.

तिने अंगठ्यातलं जाळं सोडवलं. मग :

"आई कुठे होती?"

"आत. मोदक करत होती."

"तिने माझा आवाज ऐकला?"

"नाही. शेजारी आरतीच्या झांजा चालू होत्या. आत गेले तेव्हा तिने विचारलं, कोण होतं."

"तू काय सांगितलंस?"

"भिक्षेकरीण."

सासू चहा घेऊन आली होती, ती कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आणि आई काय म्हणाली?"

"म्हणाली, सणाच्या दिवशी रिकामी पाठवलीस? दोन मोदक तरी घालायचे होतेस पदरात."

ताईच्या तोंडातून आवाज निघाला. रडणं नव्हे, हसणंही नव्हे. तसा आवाज मी माणसाचा ऐकला नाही कधी.

"आई गेली तेव्हा मला निरोप आला होता, शालू. हे म्हणाले चल, मी येतो बरोबर, लांब उभे राहू. मी गेले नाही. म्हटलं, तिने मला सातव्या महिन्यात दारातून घालवलं, मी कशाला जाऊ तिला पोचवायला? इथेच बसले होते. हेच करत." सुई दाखवली. "दहा वर्षं मी आईला शिव्या दिल्या. मनात. रोज."

मी "ताई" म्हटलं.

"जा तू आता."

"ताई, ऐक तरी—"

"जा म्हणते ना."

सासू रस्त्यापर्यंत आली पाठीमागून. "रडू नको बाय. ती गप ऱ्हायली म्हंजे आत चालू असतं तिचं." मी रडत होते हे मला तिने सांगितल्यावर कळलं.

बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. इतकी वर्षं ओझं माझ्याकडे होतं, ते मी नेऊन तिच्या डोक्यावर ठेवून आले.

रवि., २१ जुलै

आप्पांना सांगितलं. जेवण झाल्यावर, सुपारी कातरत होते तेव्हा. सगळं ओळीने सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मला."

"काय?"

"त्याच दिवशी कळलं. समोरच्या काकूंनी आरतीला येताना बघितलन् तिला. मला म्हणाल्या, तुमच्या शालूने बरोबर केलं."

"आणि तुम्ही आईला बोलला नाहीत?"

"नाही."

"का?"

"बोललो असतो तर ती पायात वहाण न घालता गेली असती मिरकरवाड्यात." सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "मला कौतुक वाटलं होतं तुझं. तेव्हा."

'तेव्हा' फार हळू म्हणाले.

दहा वर्षं आम्ही दोघं ताटाला ताट लावून जेवलो. दोघांना ठाऊक. त्यातली दोन वर्षं समोर आई वाढत होती. घरात तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

सिनेमात या ठिकाणी राजा रडतो. आप्पांनी बी.पी.ची गोळी मागितली. पाणी दिलं. पेला हातात धरून म्हणाले, "मुलगी तुझ्या वर्गात आहे ना? गणितात कशी आहे?"

म्हणजे तेही ठाऊक.

"चांगली आहे," म्हटलं.

"हं." मग आत जाऊन आडवे झाले. तोंड भिंतीकडे.

सोम., २९ जुलै

द. आज आली नाही. हजेरीला तिच्या नावापाशी थांबले, मुलं वाट बघत राहिली. मिरकरवाड्याच्या दुसऱ्या एका मुलीला विचारलं. "ठाऊक नाय बाई."

शुक्र., २ ऑगस्ट

पाचवा दिवस. ताईने दाखला काढायचं ठरवलं असेल. हेडसरांना विचारायचं धाडस नाही. तसं असेल तर दुसऱ्या शाळेत घातलं तरी चालेल, पण शिकू दे तिला. घरी जाळ्याला बसवलं तर तेही माझ्याच खाती.

आप्पांनी आज संध्याकाळी विचारलं, "आली का ती?" "नाही," म्हटलं. ती येत नाही हे मी परवा बोलले होते, पण ते आपणहून विचारतील असं वाटलं नव्हतं.

सोम., ५ ऑगस्ट

द. आली. तोंड उतरलेलं, ओठाला तापाचा फोड. हजेरीच्या आधीच टेबलापाशी येऊन चौघडी केलेला कागद दिला. "आई म्हणाली उत्तर घेऊन ये."

वर्गात उघडला नाही. घरी येऊन वाचला. ताईचं अक्षर तसंच आहे, उजवीकडे कललेलं.

"बाईंस, दर्शनास ताप असल्यामुळे सहा दिवस शाळेत पाठवता आले नाही. राहिलेला अभ्यास करून घ्यावा.

आई शेवटी माझ्याबद्दल काय बोलली? तू जवळ होतीस. खरं असेल ते लिही. गोड करून लिहू नको.

सुलभा."

पहिल्या ओळी बाईंना, खालच्या मला.

आई काय बोलली.

ताई गेल्यापासून म्हणायची, पोरगी एकदा येईल. मूल झाल्याचं कुठूनतरी कळलं तेव्हा म्हणाली, आता नक्की येईल, बाळंतीण माहेराशिवाय राहते होय. जुन्या लुगड्याची दुपटी शिवून ठेवली. सहा. नंतर बोलायची बंद झाली. आणि शेवटच्या आठवड्यात, मी तोंडात पाणी घालत होते, म्हणाली, "दगडाची निघाली. आता आली तरी मला तिचं तोंड दाखवू नका."

हेच शेवटचं. त्यानंतर शुद्ध नव्हती.

दुपट्यांचं लिहावं आणि तिथेच थांबावं? तेही खोटं नाही. पण तिने शेवटचं विचारलंय. आणि खरं लिहिलं तर आईने हे का म्हटलं तेही तिला ठाऊक आहे आता. तेवढा आधार तिला पुरेल? मला नाही पुरणार.

दोन कागद फाडले. आप्पा दारात येऊन उभे होते, किती वेळ कोण जाणे. "कुणाला लिहितेस?"

"ताईला."

बारा वर्षांत या घरात हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला नव्हता. त्या रविवारी सांगतानाही मी नुसतं 'ती' म्हटलं होतं. ते गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले समोर.

"काय विचारलंन तिने?"

कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून वाचला. परत वाचला. माझ्याकडे दिला नाही.

उद्या पावणेअकराला द. टेबलापाशी येऊन हात पुढे करील.

तिसऱ्या कागदावर लिहिलंय : "ताई, आई म्हणाली की"