लाल रेषेपाशी काटा

प्रिय सृष्टी,

हल्ली मी फोनवर धड बोलत नाही, म्हणून तू रागावली असशील. पण फोन वाजला की बाबा माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि हे त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. पत्र मिळालं की लगेच फोन करू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

पिकअप तापते आहे हे तुला माहीत आहेच. गेल्या महिन्यात तीनदा वाफ निघाली. रोज सकाळी बाबा ती चालवतात, मागे गोजराबाई आणि आणखी पाच बायका द्राक्षांच्या छाटणीला निघतात, पिंपळगावपासून आपल्या बागेपर्यंत. भर रस्त्यात इंजिन बसलं आणि मागून एखादा कांद्याचा ट्रक आला तर काय, या विचाराने मी डबे भरतानाही दाराकडे बघत राहते. तू म्हणालीस, गाडी म्हातारी झाली, विकून टाका. मला ते लागलं गं. तू तिसरीत असताना आलेली गाडी ती. तिच्या हौद्यात बसून तू पाढे पाठ केलेस.

सोमनाथ मेकॅनिकने काही बाकी ठेवलं नाही. रेडिएटर धुतला, पाइप बदलला, पट्टा ताणून पाहिला, झाकण उघडून पाण्यात बुडबुडे येतात का तेही पाहिलं. बुडबुडे आले असते तर इंजिनचं मोठं काम निघालं असतं. पण पाणी शांत. चार वेळा हायवेला फिरवून आणली, काटा अर्ध्यावरून हलेना. म्हणाला, "काकू, ही बया माझ्या दारात आली की सासरी आल्यासारखी गुमान बसते. तुमच्याकडेच काय अंगात येतं हिच्या?"

मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, आधी दिसलं ते लिहा, मग वाटलं ते. मी रोजच्या नोंदीसाठी वही केली. पंधरा दिवसांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. गाडी फक्त सकाळी जाताना तापते. दुपारी, ऊन डोक्यावर असताना, येताना थंड. हे उलटं कसं? सोमनाथनेही डोकं खाजवलं. मग मंगळवारी सकाळी मीच बाबांबरोबर निघाले.

केबिनमध्ये बसताना बाबा म्हणाले, काच वर घे, शाल आणायचीस. मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलेसुद्धा. गावाबाहेर पडेपर्यंत काटा अर्ध्यावर आला. पुढच्या पुलापर्यंत त्याच्याही वर. मी म्हणाले, अहो, काटा बघा. ते म्हणाले, चढू दे, गरम व्हायला वेळ लागतो तिला. काटा लाल रेषेला टेकला तरी ते आरामात गुणगुणत होते. मागून गोजराबाईने केबिनवर थाप मारली, "भाऊ, वास येतोय वो!" तेवढ्यात बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि समोरचं काही दिसेना. कशीबशी गाडी कडेला घेतली त्यांनी. शेजारून एक ट्रक भोंगा वाजवत असा गेला की आपली गाडी हलली.

बॉनेट उघडून ते उघड्या हाताने रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. सृष्टी, पस्तीस वर्षांत मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. गोजराबाईने उडी मारून त्यांचं मनगट धरलं, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं.

ते थोडे गोंधळले. मग म्हणाले, "अरे हो, पुठ्ठा काढायचा राहिला." आणि जाळीच्या मागून त्यांनी द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा ओढून काढला. तुला आठवत असेल, डिसेंबरच्या कडाक्यात इंजिन लवकर तापावं म्हणून आपल्याकडे रेडिएटरपुढे पुठ्ठा खोचतात आणि उन्हं वर आली की काढतात. बाबा तो नेहमी बागेच्या फाटकाशी काढायचे, बायका पुढे गेल्यावर. तसाच आताही रोज पहाटे खोचत होते आणि फाटकाशी काढत होते. म्हणून सोमनाथला काही सापडलं नाही.

गोजराबाई पोट धरून हसली. "थंडी कुठली भाऊ, चैत लागलाय! आमी घामानं भिजलो." बायका हसल्या, बाबाही हसले. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कोणता महिना चाललाय गं?

मी सोमनाथला सांगितलं, पाइप ढिला होता. स्वतःच बदललेला पाइप त्याने उगाच पुन्हा आवळून दिला. इंजिन वाचलं आहे. गाडीत दोष नव्हताच.

रोज सकाळी अंधारात उठून मी पुठ्ठा काढून ठेवू शकते. पण उद्या ते दुसरं काय विसरतील, आणि मागे सहा बायका आहेत. नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बावीस तारखेची. तोवर सोमनाथचा माणूस बायकांना सोडेल, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी चावी खिशात घालून वर हात ठेवला. तो हात मला बाजूला करवत नाही. डॉक्टरांचं तर नावच काढू देत नाहीत. तुला मात्र ते नाही म्हणणार नाहीत. म्हणून हे पत्र. लहानपणी गाडी शिकव म्हणून तू मागे लागायचीस, तेव्हा ते म्हणायचे, पाय ब्रेकपर्यंत पुरले की शिकवतो. वीस तारखेच्या आत ये, बावीसला नाशिकला गाडी तूच चालव. चावी काढून घेऊ नकोस. फक्त त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग, बाबा, आता पाय पुरतात. ते स्वतःच शेजारच्या सीटवर सरकतील.

वाट बघणारी,
तुझीच आई