डावा लाल, उजवा पिवळा

मॉस लँडिंग,
९ ऑक्टोबर १९९४

ती. ओडीलियाताईस नूनोचा सा. न. वि. वि.

कॉलेज सोडलं ते सोडलं. ज्याच्याशी भांडलो त्या प्रोफेसरचं तोंड पुन्हा बघणार नाही. पण बाबांना सांग, मी उनाडक्या करत नाहीये. इथे समुद्रातल्या पाणमांजरांवर नजर ठेवायचं काम करतो. पाणबुडे खालून येऊन झोपलेलं जनावर जाळ्यात घेतात. डॉ. वेल्च त्याला गुंगी देऊन वजन करतात, रक्त घेतात, पोटात छोटा रेडिओ बसवतात आणि मागच्या दोन्ही पायांना रंगीत बिल्ले लावून सोडून देतात. मग आमची पाळी. कोण काय खातं, कुणाचं पिल्लू जगतं, हे किनाऱ्यावरून दुर्बिणीतून टिपायचं. यांची संख्या का वाढत नाही, ते त्यातूनच कळणार.

माझ्याकडे एक आई दिलीय : डावा लाल, उजवा पिवळा. उताणी तरंगते, पोटावर पिल्लू. खेकडे शोधायला निघाली की पोराला शेवाळाच्या पट्ट्यात गुंडाळून जाते, वाहून जाऊ नये म्हणून.

शेजारच्या स्टुलावर कार्लीन मोरेतो बसते. ताई, ती आर्टिचोक या इथल्या भाजीची भजी खाऊन बोटं जीन्सला पुसते, तेसुद्धा मला आवडतं. यावरून काय ते समज.

वसंतातल्या तुकडीत एक पगारी जागा आहे. मिळाली तर राहतो. नाहीतर बाबांच्या अटीप्रमाणे जानेवारीत कॉलेज, आणि कार्लीन इथेच. तेव्हा माझ्यासाठी देवाला काहीतरी बोल.

तुझी माया आहेच, थोडी बाबांकडेही सरकव.

नूनो

हिल्मार,
२० ऑक्टोबर

चि. नूनो यास अ. उ. आ.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. घरच्या चारशे गाई कानात बिल्ले घालून उभ्या आहेत, त्यांच्याकडे बघायला साहेबांना वेळ नाही आणि समुद्रावर जाऊन बिल्लेच वाचतायत, असं म्हणून ते गोठ्यात गेले. पण जाताना त्या पिल्लाची चौकशी केली हो! आईचं म्हणणं, पाणमांजर काय खातं ते कळलं, तू काय खातोस ते लिही. सोबत गोड पाव आणि लिंग्विसा, आपली घरची सॉसेज, पाठवलीय. सगळी कार्लीनला चारू नकोस.

तिला काही बोललास का, की तिनं तुलाही दुर्बिणीतूनच ओळखायचं? राजा, तुझं डोकं तापलं की तुला समोरचं दिसत नाही आणि प्रेमात पडलास की शेजारचंच दिसतं. दोन्ही एकदम झालं तर त्या बिचाऱ्या मांजरीचं कसं होणार, ही मला काळजी.

जेवत जा, भांडू नकोस, आणि आम्हाला विसरू नकोस.

ओडीलियाताई

मॉस लँडिंग,
१७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या जिभेला काळा डाग आहे का गं? सगळं तसंच झालं.

मागच्या आठवड्यात कार्लीन कशावर तरी हसत होती. मी एक डोळा दुर्बिणीला लावून बघितलं : लाल, पिवळा, एकटीच झोपलेली, पिल्लू नाही. पिल्लू गेलं म्हणून कळवून टाकलं. डॉ. वेल्चनी तशी नोंद केली, कार्लीन रडली. आणि परवा तिलाच ती आई धक्क्यापलीकडे दिसली, पोटावर पिल्लू!

नाक बघितलं होतंस का, असं तिनं विचारलं. आमच्या आईच्या नाकावर नराच्या चाव्याचा गुलाबी वण आहे. मी नाक बघितलंच नव्हतं. तरी भडकलो, तिच्या दुर्बिणीची काच मळलीय असं दोनदा म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, हेच रंग उलटे घातलेला एक म्हातारा नर इथे आहे. उताण्या जनावराचे पाय आपल्याकडे असले की त्याचा डावा आपल्या उजवीकडे येतो. मी माझाच डावा वाचला होता!

जिवंत पिल्लू कागदावर मारणाऱ्याला पगारावर कसं ठेवायचं, असं डॉ. वेल्चनी विचारलं. मी बॅग भरली. तर कार्लीननं दारातच अडवलं. म्हणाली, पळ काढायच्या आधी मोज्यांची परीक्षा दे.

असं चुकलं की इथे ती द्यावीच लागते. एकानं बिल्ल्यांच्या रंगाचे मोजे घालून लांब वाळूत लोळायचं, कधी उताणं, कधी पालथं, कधी एकच पाय वर. चुकलेल्यानं दुर्बिणीतून वाचायचं. एरवी पाणबुड्यांपैकी कुणीतरी लोळतो. आज कार्लीन स्वतः जाऊन पडली. सगळे कॉफी घेऊन माझ्यामागे उभे.

ताई, दोन महिने मी तिला चोरून बघतोय. आज सगळे मला सांगत होते, बघ, नीट बघ. आणि मी फक्त पाय बघितले. एकही चूक नाही.

डॉ. वेल्च म्हणाले, आधी शरदातल्या सगळ्या नोंदी दुसऱ्याबरोबर बसून तपास, मग वसंतातली जागा तुझी. कार्लीन केसांतली वाळू झाडत आली आणि म्हणाली, शहाण्या, एवढं लक्ष रोज द्यायला काय होतं? मी कारण सांगून टाकलं. सगळ्यांच्या देखत. एका पाणबुड्याच्या नाकातून कॉफी आली.

ती लालबुंद झाली. मग तिनं ठरवून टाकलं : उद्यापासून मी पलीकडच्या दुर्बिणीवर बसायचं. शेजारी बसायला रविवार आहे.

बाबांना सांग, पिल्लू ठणठणीत आहे आणि मी जानेवारीत येत नाही. रागावतील, तेवढं तू झेल.

तुझाच,
नूनो