अडलेलं मशीन

नोव्हाय, अमेरिका, शनिवार संध्याकाळ, २००८

खूप दमलेय. आज सर्व्हरची मेमरी बदलायची होती. त्याआधी त्यावरची सगळी व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे आत चालणारे सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर, बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची. सगळी गेली, एक अडलं. नेमकं प्लांटचं. ते बंद केलं तर चालू शिफ्टचं काम थांबतं. सेटअप मोहनकाकांचा, आणि त्यांना मागच्याच आठवड्यात ले-ऑफ केलं. मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच.

डोकं चालेना, शेवटी डेस्कवरून त्यांच्या घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "येस, गुड आफ्टरनून!" केवढा ताठ, केवढा तयार आवाज! ऑफिसचा नंबर दिसला असणार. सेलवरून का नाही केला मी?

"काका, मी वैशाली. प्लांटचं मशीन हलत नाहीये."

मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "त्याला सीडी ड्राइव्ह जोडलेला असेल गं. माझ्याकडूनच राहिला. डिस्कनेक्ट कर आणि बघ."

केलं. मशीन दुसऱ्या सर्व्हरवर गेलं, प्लांटला कळलंसुद्धा नाही.

"थँक्यू, काका."

"अगं, थँक्यू काय. बाकी... ऑफिसमध्ये माझा काही विषय निघाला होता का?"

"नाही, काका."

"बरं, बरं."

ते "गुड आफ्टरनून" अजून कानात आहे.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांनी घरी बोलावलं असतं, आणि आज मला त्यांच्यासमोर बसून जेवता आलं नसतं.