उधाणाच्या दिवशी अप्पा काय म्हणाले

अप्पा, हे मी मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण मराठी तुम्हाला येत नव्हती. काल समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी वाटीभर गाजराचा हलवा आणून दिला. गोड बोलतात बिचाऱ्या. दार लावल्या लावल्या मी काय केलं असेल? वाटी नाकाला लावली, चमच्याने तळापर्यंत उकरून पाहिलं आणि म्हटलं, हिला माझ्याकडून काय हवंय? केस पिकले, तरी खोड जात नाही. तुमचीच देणगी. पोरांना बापाकडून घर मिळतं, दागिने मिळतात, मला हे मिळालं.

तुम्हाला दोष देत नाही. लंकेत ज्या शेजाऱ्याने आपल्या पंगतीला बसून दोनदा भात मागून घेतला, त्यानेच बंदूकवाल्यांना आपलं दार दाखवलं, आणि तुमचे धाकटे भाऊ, माझे चित्तप्पा, परत आले नाहीत. त्यानंतर होडी, मग रामेश्वरजवळची छावणी, आणि अम्माचा कुणी लांबचा भाऊ तळोज्याच्या कारखान्यात लागला होता म्हणून पनवेल. एका खोलीत आपण चौघांचे तिघे झालेलो. जेवताना तुम्ही दाराकडे तोंड करून बसायचात. शाळेत बाईंनी विचारलं म्हणून मी आपल्या गावाचं नाव सांगून टाकलं, तेव्हा केवढे भडकला होतात! "नाव विचारलं तर हसायचं, गाव विचारलं तर खोकायचं," असं बजावलंत. मी इतकी खोकायचे की बाईंनी अम्माला बोलावून मला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. कारखान्यातलं काम तुम्ही एका दिवसात सोडलंत, का तर गेटवरचा माणूस तुमच्याकडे बघून हसला. मग अम्माने बांगड्या उतरवल्या आणि त्यांचे मासे झाले, मीठ झालं, चटया झाल्या. मासळी सुकवणं तुमच्या हातातलं काम होतं. हा माल गेला असता तर पुन्हा छावणीच, हे मलासुद्धा कळत होतं.

करंजाला बंदराच्या कडेला कोळी बायकांची मासळी सुकवायची खळी होती, वर चढावर. बोंबील टांगायला बांबूच्या वलांड्या, त्यांच्या खाली ढीगभर जवळा. खालच्या अंगाला मात्र एक छान सपाट जागा रिकामी पडलेली. तुम्ही तिथेच चटया अंथरल्यात आणि मुशी मासे फाडून, मीठ लावून पसरलेत. शाळा बुडवून मी बरोबर, कारण तुमची जीभ मीच होते. वरच्या खळ्यातली मावशी कमरेवर हात ठेवून उतरली आणि मला म्हणाली, "ए पोरी, बापाला सांग, हितं नको पसरू. पुनवेला पानी हितवर चढतं." मी सांगितलं. तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, तर ते कुठच्या कुठे. आपल्याकडचा समुद्र फार तर गुडघाभर चढायचा आणि गपचूप मागे जायचा. "एवढ्या लांबून पाणी इथे येईल? मला काय वेडा समजली का ही?" तुम्ही म्हणालात. "हिलाच जागा हवी आहे. तिला सांग, मी हलणार नाही." मी मावशीला म्हटलं, बाबा बघतो म्हणतात.

पौर्णिमेला पनवेलच्या पोलीस ठाण्यात आपल्यासारख्या निर्वासितांची हजेरी होती. ती चुकवणं शक्य नव्हतं, म्हणून माल पहिल्यांदाच एकटा सोडला. बाकावर बसून तुम्ही सारखे मांडीवर मूठ आपटत होतात. संध्याकाळी एसटीतून उतरून आपण बंदराकडे जवळजवळ पळतच जातो. पाणी पार लांब गेलेलं. आपल्या जागेवर नुसता चिखल, चटई नाही, मासा नाही. आणि वर, मावशीच्या वलांडीवर, तिच्या बोंबलांच्या मधोमध आपली मुशी टांगलेली. तुमची कापायची पद्धत वेगळी, लपणार थोडीच? तुमचा चेहरा पांढराफटक पडतो. तुम्ही तिच्यासमोर उभे राहता आणि तमिळमध्ये म्हणता, "चोर आहात तुम्ही सगळ्या. पाण्याची भीती घालून माणसाला लुबाडता. विचार तिला, कुणाकुणाने वाटून घेतलं?" मग माझ्याकडे वळून, "सांग!"

सगळ्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या. मावशीचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं, चिखलाने बरबटलेलं. ते मला दिसलं. तुम्हाला दिसलं नाही. मी म्हटलं, "बाबा म्हणतात, तुम्ही नसतात तर आम्ही उपाशी मेलो असतो."

मावशीने तुमच्याकडे नीट बघून घेतलं. "असं बोलतो होय?" ती म्हणाली. "त्याला सांग, उद्यापासून वर ये. माज्या बाजूला जागा हाय." आणि मी तुम्हाला काय सांगितलं? "ती घाबरली आहे, अप्पा. माल परत देते, वर जागासुद्धा देते." तुम्ही छाती काढून मान डोलावलीत. मला हसूही येत होतं आणि रडूही.

त्या एका खोट्यावर आपलं घर उभं राहिलं. तुमची मुशी तळोज्याच्या कामगारांत खपू लागली, मग पनवेलच्या बाजारात गाळा झाला, अम्माच्या हातात पुन्हा बांगड्या आल्या. पाटीवर नाव मात्र तुम्ही लिहू दिलं नाहीत. दर खेपेला मुशीचा चांगला तुकडा मावशीच्या टोपलीत टाकायचात आणि मला तमिळमध्ये म्हणायचात, "असं दिलं म्हणजे ती उलटणार नाही." शेवटपर्यंत हेच. मला फार राग यायचा तुमचा. ज्या बाईने कंबरभर पाण्यात शिरून आपलं नशीब उचलून आणलं, तिच्यावरसुद्धा पाळत?

मागच्या आठवड्यात करंजाला गेले होते. मावशी आता डोळ्यांनी अधू झाली आहे. तिचा हात हातात घेतला आणि इतक्या वर्षांनी सगळं सांगून टाकलं. ती बोळक्या तोंडाने हसतच सुटली. "अगो, मानूस आभार मानतो का शिव्या देतो, ते कलत नाय व्हय? त्याच दिवशी कललं मला. पन तू पोर अशी कापत व्हतीस, म्हटलं राहू दे." मग म्हणते, "आनि तुजे बापाला मराठी येत व्हती की. तू साळंत गेलीस की बोलायचा माज्याशी, मोडकंतोडकं. पुढच्याच पुनवेला हात जोडून बोलला, चुकलो. मंग बोलला, पोरीला सांगू नको, ती आमाला सांभालते."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडले, अप्पा. आणि पळस्प्यापर्यंत येते न येते तोच डोक्यात आलं, म्हातारीने हे माझ्यासाठी रचलं तर नसेल? मी नव्हतं का त्या दिवशी रचलं? तुम्ही, आणि हात जोडाल? आता विचारायचं कुणाला?

म्हणून हे मराठीत लिहायला बसले. तुम्हाला वाचता येणार नाही, या भरवशावर मनातलं सगळं लिहिता येईल असं वाटलं. पण मावशी खरं बोलली असेल, तर तोही भरवसा गेला. कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवतेय. हलवा चांगला होता. सगळा खाल्ला, पण वाटी परत द्यायला अजून गेले नाहीये. त्या बाई दारातच नाव विचारतील.